जाम झालेल्या चाकाचा इतिहास : जुन्या ट्रकचा मागचा ब्रेक आपोआप का लागतो?

१/ कळवा नाक्यावरून ठाणे-बेलापूर रस्त्याला लागलेला जुना मालट्रक मध्येच अडतो. इंजिन जोर लावते, मागचे चाक फिरत नाही, ड्रममधून जळका वास येतो. पाहणारे म्हणतात, 'ब्रेक बिघडला.' पण पुष्कळदा ब्रेक त्याला नेमून दिलेलेच काम करत असतो. ते काम कोणी व का नेमून दिले, त्याचा हा धागा.

२/ सुरुवात रेल्वेपासून करावी लागते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर-ठाणे गाडी धावली आणि १८५४ मध्ये खाडी ओलांडून कळव्यावरून लोहमार्ग कल्याणला पोहोचला. त्या काळी संपूर्ण गाडीला एकच ब्रेक नसे. चालकाने शिट्टी द्यायची आणि गार्डने आपल्या डब्यातील हातब्रेक आवळायचा, अशी पद्धत होती.

३/ सपाटीवर हे निभावत होते, घाटात नाही. १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग खुला झाला. तेथील तीव्रतम चढ ३७ फुटांना १ फूट इतका! उतारावर सुटलेल्या गाडीसाठी घाटात चढावर जाणारे आडमार्ग ठेवले गेले. त्यांचे सांधे एरवी आडमार्गाकडेच वळवलेले असतात. गाडी ताब्यात आहे याची खात्री पटल्यावरच मुख्य मार्ग जोडला जातो.

४/ या रचनेतील विचार लक्षात घ्या. गाडी सुरक्षित आहे असे येथे गृहीत धरलेले नाही. धोका आहे असे धरायचे आणि सुरक्षितता सिद्ध झाली की वाट द्यायची. आपल्या ट्रकच्या मागच्या चाकात हाच विचार बसलेला आहे.

५/ १८६९ मध्ये अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी हवेच्या दाबाच्या ब्रेकचे पेटंट घेतले. पहिल्या रचनेत नळीतून हवा आली की ब्रेक लागे. म्हणजे नळी तुटली की ब्रेकच नाही! १८७२ मध्ये त्यांनी तत्त्व उलटे केले. नळीत दाब असेल तोवर ब्रेक सुटलेला. दाब गेला की ब्रेक लागलेला.

६/ या उलट्या तत्त्वाची किंमत जगाला १२ जून १८८९ रोजी कळली. आयर्लंडमधील आर्मा येथे सहलीची गाडी चढावर अडली. कर्मचाऱ्यांनी मागचे डबे सोडवले. त्या गाडीचा निर्वात ब्रेक स्वयंचलित नव्हता. जोड सुटताच त्या डब्यांना गार्डच्या हातब्रेकखेरीज आधार उरला नाही. डबे उतारावरून मागे धावले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० जण गेले. त्यांत मुले पुष्कळ होती.

७/ त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना स्वयंचलित सलग ब्रेक सक्तीचे केले. ठाणे-कल्याण पट्ट्यातील प्रवाशाला 'ब्रेक बाइंडिंग' हा शब्द बातम्यांतून परिचित आहे: न सुटलेला ब्रेक, तापलेले चाक, खोळंबलेली गाडी. त्या खोळंब्याचा त्रास खरा. मात्र ब्रेक चुकलाच तर थांबण्याच्या बाजूने चुकावा, हा निर्णय आर्मानंतर कायद्याने पक्का झाला.

८/ आता रस्त्यावर येऊ. १९५४ मध्ये टेल्कोने डाइमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपुरात ट्रक बांधण्यास आरंभ केला. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि ठाणे-बेलापूर पट्टा कारखान्यांनी भरला. कळव्यात मुकुंद आणि सिमेन्सचे कारखाने उभे राहिले. पुढे १९८९ मध्ये जेएनपीटी बंदर सुरू झाले. भिवंडी, मुंब्रा, शीळफाट्याचा रस्ता अवजड वाहनांचा झाला.

९/ जुन्या ट्रकांत दोन घराणी आढळतात. एकात ब्रेक ऑइलचा दाब बुटांना ड्रमवर ढकलतो. त्याला कधी हवेची मदत असते. दुसऱ्यात सारे काम हवेचे. या दुसऱ्या घराण्यात मागच्या चाकांच्या चेंबरमध्ये एक जबर स्प्रिंग बसू लागली. हवा तिला दाबून धरते. हवा उतरली की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक आवळते. रेल्वेचा ब्रेक साठवलेल्या हवेवर लागे, आणि ती हवाही कालांतराने गळे. स्प्रिंग गळत नाही.

१०/ म्हणून निदानाचा पहिला प्रश्न असा : ब्रेक कोणी लावतो आहे, की लागलेला ब्रेक सुटत नाही? चाकांखाली ठोकळे लावून प्रथम हवेचा काटा पाहावा. दाब कमी असेल आणि मागची सर्व चाके जाम असतील, तर दोष चाकात नाही. कॉम्प्रेसर, टाकी, फुटलेली नळी किंवा हँडब्रेकचा व्हॉल्व्ह यांकडे वळावे.

११/ दाब पुरेसा आहे आणि एकच चाक अडले आहे? मग शोध त्या चाकापुरता आखडतो. चेंबरचा पडदा फाटला आहे का, स्लॅक अ‍ॅडजस्टर अति आवळला आहे का, कॅमशाफ्ट गंजून अडकला आहे का, बुटांना मागे ओढणारी स्प्रिंग तुटली आहे का, हे क्रमाने पाहावे. दोन्ही बाजू एकदम उशिरा सुटत असतील, तर संशय रिले व्हॉल्व्हवर.

१२/ ऑइलच्या ब्रेकमध्ये एक सोपी कसोटी आहे. जाम चाकाचे ब्लीडर निपल किंचित उघडावे. ऑइल जोराने उडून चाक सुटले, तर दाब अडकलेला होता: आतून फुगलेला रबरी पाइप ऑइल पुढे जाऊ देतो, मागे येऊ देत नाही, किंवा मास्टर सिलिंडरचे परतीचे छिद्र बुजलेले असते. चाक तरीही सुटले नाही, तर ड्रम उघडावा.

१३/ ब्रेक दाबल्यावरच मागचे चाक घसरत असेल, तर प्रकरण वेगळे. थांबताना भार पुढच्या धुरीकडे झुकतो. ट्रक रिकामा असेल तर मागे वजन उरत नाही आणि तेवढाच ब्रेक तेथे अति ठरतो. भार ओळखून दाब कमी करणारा व्हॉल्व्ह जुन्या गाड्यांत अनेकदा नसतो, किंवा गंजलेला असतो. लायनरवर हबचे ग्रीस उतरले असले तरी ब्रेक एकदम पकडतो.

१४/ खरा धोका यानंतर सुरू होतो. रस्त्यात अडकलेल्या गाडीची स्प्रिंग बोल्टने आवळून चाक मोकळे करता येते. टोइंगपुरती ती रीत आहे, आणि तीही चाके ठोकळ्यांनी रोखून, जाणकाराच्या हातून. चेंबर उघडण्याचा प्रयत्न तर करूच नये. आतील स्प्रिंग सुटली तर माणूस मरतो.

१५/ पण तसाच आवळलेला बोल्ट ठेवून माल भरून घाट उतरणे, म्हणजे १८७२ मध्ये उलटवलेले तत्त्व पुन्हा सुलटे करणे होय. मग नळी फुटली की त्या चाकाला थांबवणारे कोणी उरत नाही. आर्माच्या त्या डब्यांनाही उरले नव्हते. जाम झालेले चाक चालकाचा दिवस बुडवते, खेप बुडवते. त्याच्यावर चिडणे स्वाभाविक आहे. मात्र ते सोडवण्यापूर्वी ते का लागले, हे विचारावे.