लांबच्या वाटेची पिकअप: आधी वजनकाटा, मग टायर, शेवटी पाटे

बेळगावहून चोर्ला घाट उतरून गोवा, इंदूरहून माळव्यातल्या काळ्या मातीच्या गाडवाटा, वडोदऱ्याहून थेट कच्छचं रण. आठ-पंधरा दिवसांचं बिऱ्हाड मागच्या हौद्यात टाकून निघायचं, गाडीतच मुक्काम करायचा, याला हल्ली ‘ओव्हरलँडिंग’ म्हणतात. इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स यांसारख्या फोर-बाय-फोर पिकअप त्यासाठी घेतल्या जातात. गाडी घरी आली की पहिला खर्च होतो तो जाड गोट्यांच्या टायरवर आणि गाडी दोन इंच उचलण्यावर. गाडी रुबाबदार दिसते, यात वाद नाही. पण निवडीची सुरुवात दिसण्यापासून नव्हे, वजनापासून व्हायला हवी.

साधा हिशेब बघा. साठ लिटर पाणी म्हणजे ६० किलो. वीस-वीस लिटर डिझेलचे दोन कॅन साधारण ३५ किलो. टपावरचा तंबू ६० किलोच्या आसपास, फ्रिज आणि जादा बॅटरी ४५, चार माणसं २८०. अजून भांडीकुंडी आणि अवजारं धरलीच नाहीत, तरी आकडा ४८० वर गेला. म्हणून खरेदीआधी गाडी प्रवासाला निघाल्यासारखी पूर्ण भरावी आणि काट्यावर न्यावी. उसाच्या पट्ट्यात वजनकाट्यांची काही वाण नाही. एकूण वजन, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची, असे तीन आकडे घ्यावेत. ते माहितीपुस्तिकेतल्या कमाल वजनाशी आणि दोन्ही आसांच्या मर्यादेशी ताडून पाहावेत. आकडा वर गेला असेल तर सामान कमी करणं हाच उपाय. जादा पाटा घातल्याने गाडी मागून बसत नाही एवढंच. चासी, आस आणि ब्रेक जुनेच असतात, त्यामुळे वजनाची मर्यादा तसूभरही वाढत नाही.

टायरवर काय वाचायचं

समजा टायरवर २५५/६० आर १८ आणि पुढे ११२ असा आकडा आहे. २५५ मिलिमीटर रुंदी, रुंदीच्या ६० टक्के बाजूची उंची, १८ इंची रिम. सगळ्यात दुर्लक्षित आकडा शेवटचा. ११२ म्हणजे एका टायरची क्षमता ११२० किलो, १०० म्हणजे ८०० किलो. नवा टायर कितीही दांडगा दिसो, हा आकडा कंपनीच्या मूळ टायरपेक्षा कमी नको. चार आकडी छापात पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३२४’ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. ‘चांगली ऑफर’ म्हणून दुकानात जुना माल गळ्यात पडतो, तो इथेच कळतो.

नक्षीचे प्रकार तीन: रस्त्याचे एचटी, मिश्र वापराचे एटी आणि चिखलाचे एमटी. एमटीच्या गोट्यांमध्ये मोठी फट असते, म्हणून काळ्या मातीचा चिकटा फिरताना झटकला जातो. एटीची नक्षी त्याच मातीने भरली की टायर गुळगुळीत होऊन बसतो. एमटीची बाजू इथवरच. ओल्या डांबरावर एमटीची रस्त्याला टेकणारी जागा कमी पडते, ब्रेक लावल्यावर गाडी जास्त लांब जाते, आवाज आणि डिझेलचा खर्चही वाढतो. आषाढात चोर्ला, अनमोड किंवा आंबोली उतरताना चिखलापेक्षा ओलं डांबरच जास्त भेटतं. बहुतेकांना चांगला एटी पुरतो. वर्षातून दोनदा चिखलात जाण्यासाठी बाराही महिने एमटी वागवणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

जांभ्याच्या कच्च्या वाटेवर धोका वेगळाच. धारदार दगडाने टायरची बाजू चिरते, आणि ट्यूबलेसची बाजू फाटली की पंक्चरवाल्याची पट्टी तिथे चालत नाही. अशा वाटा नेहमीच्या असतील तर ‘एलटी’ छापाचा जाड बाजूचा टायर घ्यावा. तो जड असतो, रिकाम्या गाडीत कडक लागतो आणि तेवढंच वजन पेलायला हवा जास्त मागतो. वाळूत हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो, रुतत नाही. मात्र डांबरावर चढण्याआधी ती पुन्हा भरायलाच हवी, म्हणून छोटा कॉम्प्रेसर जवळ असावा. (गोव्याच्या किनाऱ्यावर गाडी नेण्यास बंदी आहे, तिथे हा प्रयोग नको.)

पाटे आणि शॉकअप

वजन पेलतात ते पाटे, पाट्यांची उसळी थोपवतात ते शॉकअप. भरलेली पिकअप मागून बसली की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग सैल लागतं आणि दिव्याचा झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो. काट्यावरचं वजन मर्यादेत असूनही असं होत असेल, तर कायमच्या वजनाइतकेच दमदार पाटे निवडावेत. ३०० किलोचं सामान कायम गाडीत असेल तर ३०० किलोचेच. ५०० चे घातले तर रिकामी गाडी मागून उडते आणि ओल्या वळणावर घसरते. पाटे बदलले की शॉकअपही त्याच जोडीचे हवेत. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब वजनानुसार कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह आसाला जोडलेला असतो. गाडी उचलली की तो गाडी रिकामी समजून मागचा ब्रेक कमी लावतो. त्याची जुळणी करून घ्यावी.

पुढची बाजू ४०-५० मिलिमीटरच्या पलीकडे उचलली की ड्राइव्ह शाफ्टचे सांधे तिरपे होऊन लवकर झिजतात. अलाइनमेंट तर लागलीच करावी. नव्या पाट्यांचे यू-बोल्ट पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावे लागतात, हे गॅरेजवाल्याला आठवण करून द्यावं लागतं.

राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांनी कायद्याकडेही पाहावं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. कलम १८२अ नुसार प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हा केंद्राचा कायदा, त्यामुळे कर्नाटकात चाललं ते गोव्याच्या नाक्यावर चालेलच असं नाही. त्या मॉडेलला कंपनीनेच दिलेल्या टायरच्या मापात राहणं सगळ्यात बरं. २५५/६० जाऊन २६५/६५ आला तर टायरचा व्यास पाच टक्के वाढतो; मीटर ८० दाखवतं तेव्हा गाडी ८४ ने धावत असते. आणि स्टेपनी त्याच मापाची हवी, कारण फोर-बाय-फोर लावून वेगळ्या व्यासाचं चाक कोरड्या रस्त्यावर पळवलं तर ताण थेट गिअरच्या पेटीवर येतो.