साठ एस्कुदोचे किती रुपये?

मागच्या भागानंतर आजऱ्याच्या एका ऐकणाऱ्यानं मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. आजीच्या ट्रंकेतली नोट. घडीवर जीर्ण झालेली, एका लांब दाढीवाल्याचं चित्र आणि आकडा 60. खाली एकच ओळ: "ह्याचे किती रुपये होतील?"

नोट पोर्तुगीज गोव्याची आहे, 1959 ची. दाढीवाला म्हणजे अल्बुकर्क, ज्यानं 1510 मध्ये गोवा घेतला. ती आजऱ्यात कशी, याचं नवल वाटायला नको. आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी, पुढं बांदा, आणि बांदा ओलांडलं की 1961 पर्यंत दुसरा देश. 1955 च्या सत्याग्रहाच्या सुमारास भारतानं ही हद्द आवळली, मालाची ये-जा बंद केली. पण डोंगरातल्या सगळ्या वाटा कोण बंद करणार? घड्याळं, दारू, सोनं वर येतच होतं. आजीची नोट मजुरीची की रात्रीच्या मालाची, ते आपण आजीवर सोडू.

आता हिशेब. गोव्यात एस्कुदो येण्याआधी चलन होतं 'रुपिया'. नाव पोर्तुगीज उच्चाराचं, पण चीज आपलीच. 1881 मध्ये गोव्याचे रुपिया पाडले गेले ते इंग्रजांच्या कलकत्ता टांकसाळीत, त्यावर पोर्तुगालच्या राजाचा मुखवटा होता. एक रुपिया म्हणजे एक रुपया, एक तंगा म्हणजे एक आणा, सोळा तंग्यांचा रुपिया. बांद्याच्या बाजारात हे बदलून घ्यायला कुणाला पाटी-पेन्सिल लागत नव्हती.

मग भारत स्वतंत्र झाला, गोवा मागू लागला, आणि लिस्बननं उलट पाऊल टाकलं. गोवा ही वसाहत नाहीच, पोर्तुगालचाच एक प्रांत आहे, असं ते म्हणू लागले. प्रांत म्हटला की पैसाही घरचाच पाहिजे. म्हणून 1959 पासून रुपिया गेला, एस्कुदो आला. दर: 1 रुपियाला 6 एस्कुदो.

आणि इथं मला सगळ्यात मजा वाटते. नोटा कितीच्या काढल्या बघा: 30, 60, 100, 300, 600, 1000. तीसची नोट, साठची नोट, असं कोण काढतं? सहानं भागा. 30 म्हणजे 5 रुपये, 60 म्हणजे 10, 300 म्हणजे 50, 600 म्हणजे 100. नाणीही 3 आणि 6 एस्कुदोची, म्हणजे आठ आणे आणि रुपया. 60 सेंतावोचं नाणं म्हणजे बरोबर 10 नवे पैसे. माझ्या मते लिस्बननं नोटेवरचं नाव बदललं, पण लोकांच्या डोक्यातला रुपया काही त्यांना हलवता आला नाही.

सहाचा हा दर हवेतला नव्हता. 1961 मध्ये एका डॉलरला 4.76 रुपये पडायचे आणि 28.75 एस्कुदो. भागाकार करून बघा, सहाच येतो.

म्हणजे पहिलं उत्तर: दहा रुपये. तेव्हाचे दहा. सोनं त्या वर्षी दहा ग्रॅमला साधारण 120 रुपये होतं, म्हणजे या नोटेत पाऊण ग्रॅमहून थोडं जास्त सोनं आलं असतं. आजचा भाव मोबाईलवर बघा आणि गुणा.

दुसरं उत्तर लिस्बनच्या रस्त्यानं जातं. गोव्याचा एस्कुदो पोर्तुगालच्या एस्कुदोबरोबरीचा होता, आणि पोर्तुगालनं पुढं युरो घेतला तो 200.482 एस्कुदोला एक या दरानं. त्या हिशेबानं साठ एस्कुदोचे तीसेक सेंट. चहा-वडापाव येईल कसाबसा. तोही कागदावरच, कारण पोर्तुगालच्या नोटा तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या, आणि आजीची नोट 'बांको नासियोनाल उल्त्रामारिनु' या वसाहतींसाठीच्या बँकेची. शिवाय पोर्तुगालच्या शेवटच्या नोटा बदलून घेण्याची मुदतही 28 फेब्रुवारी 2022 ला संपली.

तिसरं उत्तर त्या मित्राला आधीच मिळालं होतं. "आठ लाख देतो, आधी 2,100 रुपये नोंदणी फी भरा," असा मेसेज. भावा, नाही भरायची. अशा जुन्या नोटा-नाण्यांच्या नावावर फी, कमिशन, टॅक्स मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेनं 2021 मध्ये जाहीरच केलंय. संग्राहक या नोटांना पैसे देतात, पण नोट हातात घेऊन, तिची अवस्था बघून. आणि कृपा करून ती लॅमिनेट करू नका, इस्त्री तर अजिबात नको.

पण ज्यांच्याकडं नोटा होत्या त्यांचं नुकसान तसं मोजता येण्यासारखं होतं. खरी गोष्ट दागिन्यांची आहे. त्याच बँकेत गोव्यातली माणसं सोनं तारण ठेवून कर्ज काढत. लग्न, आजारपण, पेरणी, आपल्याकडं सोसायटीत किंवा सराफाकडं ठेवतात तसंच. डिसेंबर 1961 मध्ये भारतीय फौज येणार हे दिसू लागलं, आणि 19 तारखेला गोवा मुक्त होण्याआधीच हे तारण सोनं लिस्बनला हलवलं गेलं. बायकांच्या बांगड्या, पाटल्या, गळ्यातलं. कर्ज घेतलेलं एस्कुदोत, आता हातात रुपये, आणि दागिना सात समुद्रांपार, ज्या देशाशी आपले संबंधच तुटलेले. ते संबंध 1974 च्या क्रांतीनंतर लिस्बनमधली राजवट बदलली तेव्हा कुठं जुळले.

सोनं भारतात परत आलं 1991 मध्ये. तीस वर्षांनी. तोवर दहा ग्रॅमचा भाव साडेतीन हजारांच्या आसपास गेला होता. समजा, 1961 मध्ये कुणी 600 एस्कुदोसाठी एक पाटली ठेवली असेल. ते 600 एस्कुदो म्हणजे शंभर रुपये, आणि 1991 मध्ये शंभर रुपयांत त्या पाटलीचा तुकडासुद्धा आला नसता. पण पाटली ओळखायची कशानं? पोर्तुगीजमध्ये लिहिलेल्या जुन्या पावतीनं. तिशीत दागिना ठेवलेली बाई आता साठीची झालेली, किंवा गेलेली, आणि घरात ती भाषा वाचणारं फार कुणी उरलेलं नाही.