आगोलाई ते जैन हिल्स : भवरलालजी जैन यांची जीवनयात्रा

पालघर, बोईसर आणि तारापूर परिसरातील अनेक जैन घरांत वडीलधाऱ्यांच्या तोंडून मारवाडच्या गावांची नावे आजही ऐकू येतात. दुष्काळाने गाव सोडायला लावले, अनोळखी मुलुखात दुकान मांडले आणि पुढच्या पिढीने तेथेच घर बांधले, ही कथा आपल्याला नवी नाही. जळगावच्या भवरलालजी जैन यांच्या घराण्याची कथाही तेथूनच सुरू होते. पुढे मात्र ती निराळी वाट घेते.

जोधपूरजवळच्या आगोलाई गावातून त्यांचे पूर्वज इ.स. 1887 मध्ये उपजीविकेच्या शोधात निघाले आणि अजिंठ्याच्या लेण्यांपासून जवळ असलेल्या वाकोद या खेड्यात स्थिरावले. याच वाकोदला 12 डिसेंबर 1937 रोजी हिरालालजी आणि गौराबाई यांच्या पोटी भवरलालजींचा जन्म झाला. मुंबईत वाणिज्य व कायदा या शाखांच्या पदव्या घेतल्यावर त्यांना सरकारी अधिकारपद चालून आले. त्या काळी एवढ्यावरच घरात पेढे वाटले गेले असते. परंतु माणसांबरोबर पशुपक्ष्यांचेही भले होईल असे काम कर, असा मातेचा सल्ला होता. मुलाने तो मानला आणि 1963 मध्ये तीन पिढ्यांची सात हजार रुपयांची पुंजी घेऊन रॉकेलच्या विक्रीपासून व्यवसायाला आरंभ केला.

पुढे बियाणे, खते, ट्रॅक्टर, पाइप अशा शेतीच्या वस्तूंच्या एजन्सी आल्या. 1978 मध्ये त्यांनी केळीची भुकटी बनवणारा बंद पडलेला कारखाना तीस लाखांना घेतला आणि तेथे पपईच्या चिकापासून पपेन तयार करून परदेशी पाठवले. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात ठिबक सिंचन आले. पाणी पाटाने सोडून न देता नळीतून थेंबाथेंबाने मुळाशी द्यायचे, ही गोष्ट शेतकऱ्याच्या गळी उतरवणे सोपे नव्हते. खानदेशच्या केळीने ती पटवून दिली. ठिबकाच्या जोडीला ऊतिसंवर्धित ग्रँड नैन रोपे आली आणि पूर्वी सुमारे दीड वर्षे घेणारे पीक वर्षभरात हाती येऊ लागले. पाण्याअभावी गाव सोडलेल्या घराण्याचा वंशज पाण्याच्या काटकसरीचाच व्यापार करू लागला, हा योग विलक्षण म्हणावा लागेल.

जळगावलगतची टेकडी त्यांनी घेतली तेव्हा तेथे खडक आणि गवत यांखेरीज फारसे काही नव्हते. समतल चर खोदले, बांध घातले, तळी केली, माती धरून ठेवली. जैन हिल्सची हिरवाई पाहून लोक चमत्कार म्हणतात; पण तो वर्षानुवर्षांच्या चिवट मशागतीचा परिणाम आहे.

या वाटचालीत चूकही झाली. 1990 च्या दशकात शेतीबाहेरच्या, वित्तपुरवठ्यासारख्या उद्योगांत त्यांनी हात घातला आणि मोठा तोटा सोसला. त्यांनी भागधारकांची जाहीर माफी मागितली. पेढीची पत जपण्यासाठी तोटा चार भिंतींआड ठेवणाऱ्या व्यापारी समाजात हे धैर्य दुर्मीळच. त्यानंतर ते पुन्हा शेतीकडे वळले. 2008 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

अशोक, अनिल, अजित आणि अतुल या चारही मुलांना त्यांनी एकत्र कुटुंबात आणि एकाच उद्योगात बांधून ठेवले. हे सारे धर्मपत्नी कांताबाईंच्या आधारावर उभे होते. 2005 मध्ये कांताबाई गेल्या. या वियोगानंतर भवरलालजींनी सहजीवनाच्या आठवणी लिहिल्या. ‘ती आणि मी’ हे त्यांचे पुस्तक म्हणजे व्यवहारात कणखर समजल्या जाणाऱ्या पुरुषाने पत्नीचे ऋण उघडपणे मान्य केल्याचा दस्तऐवज आहे. आपल्याकडे अशी पुस्तके फारच थोडी. जळगावातील कांताई नेत्रालय आणि कांताई सभागृह त्यांच्याच नावाने उभे आहेत.

हृदयविकाराने त्यांना अनेकदा गाठले. शस्त्रक्रिया झाल्या, तरी काम सुटले नाही. 2012 मध्ये जैन हिल्सवर गांधी तीर्थाचे लोकार्पण झाले, तेव्हा ते पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर होते. 25 फेब्रुवारी 2016 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. जळगावकर त्यांना ‘मोठे भाऊ’ म्हणत. आपल्या मोठ्या भाऊंना त्यांनी जैन हिल्सच्या त्याच टेकडीवर अखेरचा निरोप दिला.