तळटिपेतल्या घराण्याची गोष्ट

इतिहासाच्या पुस्तकात लढाई दोन राजांची असते. कोण जिंकला, कोण हरला, तख्तावर कोण बसला, एवढे सांगून प्रकरण संपते. ज्यांच्या शेतातून फौजा गेल्या, ज्यांची मुले ओलीस राहिली, ज्यांना एका रात्रीत नवा धनी मान्य करावा लागला, ती शेकडो छोटी घराणी तळटिपेत जातात. अशाच एका तळटिपेतल्या घराण्यावर दहा-अकरा वर्षांपूर्वी एक व्हिडिओ गेम आला होता. खेळ म्हणून तो बाजूला सारण्याआधी इतिहास वाचणाऱ्यांनी त्याकडे एकदा तरी पाहावे, असे मला वाटते.

‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही एचबीओची मालिका २०११ ते २०१९ या काळात जगभर गाजली. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांवर ती बेतलेली होती. कॅलिफोर्नियातील टेलटेल गेम्स या कंपनीने याच नावाचा गेम तयार केला. डिसेंबर २०१४ ते नोव्हेंबर २०१५ दरम्यान त्याचे सहा भाग आले. यात तलवारबाजी थोडी आणि बोलणे जास्त. समोरचा पात्राला काही विचारतो, पडद्यावर तीन-चार उत्तरे दिसतात, आणि काही सेकंदांत एक निवडावे लागते. गप्प राहिलात तर तेही उत्तर धरले जाते.

मालिकेत स्टार्क, लॅनिस्टर अशी बडी घराणी केंद्रस्थानी आहेत. गेमने फॉरेस्टर नावाचे घराणे निवडले. हे उत्तरेतल्या स्टार्कांचे निष्ठावान मांडलिक. मराठी वाचकाला वतनदार म्हटले की त्यांची जागा लगेच कळेल. ‘आयर्नवुड’ या टणक लाकडाचे जंगल हीच त्यांची दौलत. स्टार्कांचा राजा लग्नाच्या मेजवानीत दगाबाजीने मारला जातो, तिथून गोष्ट सुरू होते. त्याच कत्तलीत फॉरेस्टरांचा कर्ता पुरुषही जातो. उत्तरेची सत्ता बोल्टनांकडे येते आणि फॉरेस्टरांचे जुने वैरी व्हाइटहिल त्यांचे लाडके होतात. घराण्याची सूत्रे एका किशोरवयीन मुलाच्या हाती येतात. धाकटा भाऊ ओलीस म्हणून नेला जातो. आता वाकायचे की लढायचे?

ही परिस्थिती कल्पनेतली असली तरी तिची मुळे खऱ्या इतिहासात आहेत. लग्नातल्या त्या कत्तलीमागे स्कॉटलंडमधील दोन घटना असल्याचे मार्टिन यांनी स्वतः सांगितले आहे. १४४० मध्ये एडिंबराच्या किल्ल्यात डग्लस घराण्याच्या तरुण अर्लला आणि त्याच्या भावाला मेजवानीला बोलावून ठार करण्यात आले. दुसरी घटना १६९२ ची, ग्लेन्को खोऱ्यातली.

ग्लेन्को थोडे सविस्तर पाहण्यासारखे आहे. स्कॉटलंडच्या डोंगरी टोळ्यांच्या प्रमुखांनी राजा विल्यमशी निष्ठेची शपथ घ्यावी, असा हुकूम निघाला. मुदत १ जानेवारी १६९२. ग्लेन्कोच्या मॅकडोनाल्डांचा म्हातारा प्रमुख डिसेंबरच्या अखेरीस फोर्ट विल्यमला पोहोचला. तिथल्या अधिकाऱ्याने सांगितले, शपथ देण्याचा अधिकार माझा नाही, इनव्हरारीला जा. थंडीत तो तिथवर गेला आणि अखेर ६ जानेवारीला शपथ झाली. पाच दिवस उशीर. फेब्रुवारीत सैनिक पाहुणे म्हणून खोऱ्यात उतरले. जवळजवळ दोन आठवडे ते मॅकडोनाल्डांच्या घरात राहिले, जेवले. १३ फेब्रुवारीच्या पहाटे त्यांनी यजमानांवरच शस्त्रे चालवली. सुमारे ३८ माणसे मारली गेली. जे बर्फात पळाले, त्यांतले कित्येक थंडीने गेले. माणसाने निष्ठा नाकारली नव्हती, पण सत्तेला दाखला वेळेत हवा होता.

ओलीस मुलाची गोष्टही खऱ्या इतिहासात सापडते. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांवर इंग्लंडच्या ‘गुलाबांच्या युद्धां’ची छाप आहे. त्यातली निर्णायक लढाई २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थला झाली. लॉर्ड स्टॅन्ली हा बडा सरदार तिथे फौज घेऊन उभा होता. त्याचा मुलगा राजा तिसरा रिचर्ड याच्याकडे ओलीस होता आणि त्याची बायको मार्गारेट ही बंडखोर हेन्री ट्यूडरची आई होती. एकीकडे मुलगा, दुसरीकडे सावत्र मुलगा. स्टॅन्ली बराच वेळ बाजूलाच थांबला. शेवटी त्याचा भाऊ विल्यम हेन्रीच्या मदतीला धावला, रिचर्ड मारला गेला आणि ओलीस मुलगा वाचला. पण दहा वर्षांनी, १४९५ मध्ये, त्याच विल्यमचे डोके हेन्रीनेच राजद्रोहाच्या आरोपावरून उडवले.

स्टॅन्ली धूर्त होता की संधिसाधू, यावर पुस्तकात वाद घालणे सोपे आहे, कारण निकाल आपल्याला माहीत असतो. त्या सकाळी त्याला तो माहीत नव्हता. गेम नेमका तिथे आपल्याला उभा करतो. अपमान गिळला तर माणसे म्हणतात, घराण्याची लाज घालवली. मान ताठ ठेवली तर ओलीस भावाचा जीव धोक्यात. विचार करायला मिळतात काही सेकंद.

या गेमवर मोठी टीका अशी झाली की, काहीही निवडा, शेवट फारसा बदलत नाही. ते खरेच आहे. पाचव्या भागात दोन भावांपैकी कोणाला मागे ठेवायचे हे आपण ठरवतो, पण घराण्याचा गड पडायचा तो पडतोच. खेळ म्हणून ही उणीव असेल. इतिहास म्हणून मात्र ती प्रामाणिक वाटते. दोन सत्तांच्या मध्ये सापडलेल्या माणसाच्या हाती निकाल क्वचितच असतो. कोणाला वाचवायचे, काय बोलायचे, कुठे गप्प बसायचे, एवढेच त्याच्या हाती उरते.

गेमच्याही तळटिपा आहेतच. फॉरेस्टरांचा एक मुलगा समुद्रापार मीरिन शहरात जाऊन तिथल्या लढवय्यांना आपल्या घराण्याच्या मदतीला आणतो. हे लढवय्ये कोण, त्यांची घरे कुठे, हे फारसे कळत नाही. दुसऱ्याच्या वतनासाठी मरायला तेवढे ते येतात. छोट्यांची बाजू मांडणाऱ्या कथेतही त्यांच्याहून छोटे कोणीतरी राहून जाते. पुढे टेलटेलचेही तेच झाले. दुसरे पर्व जाहीर होऊनही कधी आले नाही, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये कंपनीने जेमतेम २५ जण ठेवून बाकी सगळ्यांना एका दिवसात घरी पाठवले.

आपल्याकडे इतिहास म्हणजे अनेकदा निष्ठावान आणि गद्दार यांच्या दोन याद्या. मग त्या याद्या हातात घेऊन आज जिवंत असलेल्या माणसांकडे दाखले मागितले जातात. यादीत नाव टाकण्याआधी काही साधे प्रश्न विचारायला हवेत. त्या माणसाचे कोण ओलीस होते? त्याला मुदत किती मिळाली होती? आणि त्याच्यापुढे खरोखर किती वाटा होत्या? उत्तरे मिळाली तर त्या याद्यांमधली बरीच नावे खोडावी लागतील.