बालकांची एचआयव्ही चाचणी : कायदा व धोरण

मातेकडून गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी किंवा स्तनपानातून बालकास होणाऱ्या एचआयव्ही संसर्गाच्या निदानासंबंधीची कायदेशीर व प्रशासकीय व्यवस्था. मातेची प्रतिपिंडे बालकाच्या रक्तात सु. १८ महिन्यांपर्यंत टिकू शकतात. त्यामुळे प्रौढांची नेहमीची चाचणी तान्ह्या मुलाच्या बाबतीत निर्णायक ठरत नाही. शिवाय बालक स्वतः संमती देऊ शकत नाही.

भारतात हा संसर्ग १९८६ मध्ये प्रथम आढळला. प्रारंभी शासनाचा कल सक्तीकडे होता. गोव्यात सार्वजनिक आरोग्य कायद्यान्वये १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुणास ६४ दिवस अलग कोंडून ठेवण्यात आले आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती तरतूद वैधही ठरविली. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने मात्र पुढे समुपदेशन व स्वेच्छा यांवर आधारलेले चाचणीधोरण अंगीकारले. ते प्रौढांस डोळ्यांसमोर ठेवून आखलेले होते. बालकाचा विचार त्यात मातेच्या निमित्ताने आला.

गर्भवतींची चाचणी व बालकास होणाऱ्या संसर्गाचा प्रतिबंध यांचा राष्ट्रीय कार्यक्रम २००२ मध्ये सुरू झाला. तेव्हापासून बालकाच्या निदानाची वाट मुख्यत्वे मातेच्या चाचणीतून जाते. भंडारा जिल्ह्याच्या पवनी वा लाखांदूर तालुक्यातील एखादी स्त्री गर्भारपणी आरोग्य केंद्रात आलीच नाही, तर तिच्या मुलाचा संसर्ग ते आजारी पडेपर्यंत अज्ञात राहण्याचा संभव असतो. उपचारांविना संसर्गित बालकांपैकी सु. निम्मी दोन वर्षांची होण्यापूर्वीच दगावतात. म्हणजे १८ महिने थांबणे पुष्कळांना परवडणारे नव्हते. २००६ मध्ये बालकांच्या उपचारांचा स्वतंत्र उपक्रम हाती घेण्यात आला, तरी लवकर निदानाची सोय २०१० मध्ये झाली. सहा आठवड्यांच्या बालकाच्या टाचेतील रक्ताचे थेंब कागदावर सुकवून ते दूरच्या प्रयोगशाळेत पाठविण्याची ही पद्धत. नमुन्यास बर्फाची गरज नसल्याने आडवळणाच्या गावांना ती विशेष सोयीची ठरली.

१० सप्टेंबर २०१८ रोजी अंमलात आलेल्या २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने संबंधित व्यक्तीच्या किंवा तिच्या प्रतिनिधीच्या संमतीवाचून चाचणी करण्यास मनाई केली. शाळाप्रवेशासाठी चाचणीची अट घालण्यासही बंदी केली. १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकाची संमती घेण्याची प्रथा त्याआधीपासूनचीच आहे. पालक हयात नसलेल्या घरांचा विचार याच कायद्याच्या ३२ व्या कलमात आढळतो : कुटुंबाचा कारभार पाहणारे, १२ वर्षे पूर्ण झालेले समंजस भावंड धाकट्यांच्या उपचारांपुरते, तसेच शाळाप्रवेश, बँक खाते व मालमत्ता यांपुरते पालक ठरू शकते. मात्र अशा भावंडास स्वतःच्या चाचणीसाठी कोणाची संमती आणावी, हे त्या कलमात सांगितलेले नाही.