नवी प्लेट, जुनं दुखणं

घाटाची चढण लागते, आपण ॲक्सिलरेटर दाबतो, इंजिन गुरगुरू लागतं, पण गाडी काही वेग घ्यायचं नाव घेत नाही. मेकॅनिक सांगतो, ‘क्लच स्लिप होतोय, प्लेट बदलावी लागेल.’ प्लेट बदलली जाते, पैसे मोजले जातात आणि महिन्याभरात पुन्हा ये रे माझ्या मागल्या! मग कुणी सुट्या भागाला दोष देतं, कुणी मेकॅनिकला. श्रोतेहो, ही तक्रार आजकालची नाही. तिला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो पाहिला की नवा भाग घालूनही जुनं दुखणं मागे का उरतं, हे पुष्कळसं उलगडतं.

इंजिन फिरतं ठेवून गाडी थांबवता यावी आणि मग दोघांची सांधेजोड अलगद करता यावी, यासाठी क्लच असतो. कार्ल बेंझ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या तीनचाकी गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिच्यात हे काम चामड्याचा पट्टा करत असे. तो मोकळ्या कप्पीवरून घट्ट बसवलेल्या कप्पीवर सरकवला, की गाडी चालू लागे. पुढे १८९१च्या सुमारास फ्रान्समध्ये पानार-लव्हासॉर या कंपनीने इंजिन पुढे, मध्ये क्लच आणि गिअर, आणि गती मागच्या चाकांना, अशी मांडणी रूढ केली. त्या काळातला सर्वांत प्रचलित क्लच शंकूच्या आकाराचा होता. फ्लायव्हीलमध्ये एक खोलगट वाटी आणि तिच्यात स्प्रिंगच्या जोराने रुतून बसणारा, चामडं मढवलेला शंकू.

हे चामडं मोठं लहरी. कोरडं पडलं की एकदम पकड घेई आणि गाडी धक्का देऊन उसळे. मग त्याला एरंडेल चोपडावं लागे. तेलकट झालं की ते घसरू लागे. मग शोफर त्यावर फुलर्स अर्थ नावाची माती भुरभुरत. ही माती म्हणजेच आपल्याकडची मुलतानी माती! ती तेल शोषून घेई आणि गाडी चालू लागे. पण इंजिनातून झिरपणारं तेल काही थांबलेलं नसे. त्यामुळे थोड्या मैलांवर पुन्हा माती आणि पुन्हा घसरण. जखम मांडीला, मलम शेंडीला, असा हा प्रकार.

खरं तर यामागचं शास्त्र मोटारीच्या कितीतरी आधी ठाऊक झालं होतं. गीयोम आमाँताँ या फ्रेंच अभ्यासकाने १६९९ मध्ये घर्षणाचे नियम मांडले. दोन पृष्ठभागांमधलं घर्षण त्यांना एकमेकांवर दाबणाऱ्या जोराच्या प्रमाणात असतं, हा त्यांतला मुख्य नियम. तो क्लचला लावला, तर घसरण्याची कारणं दोनच घरांत बसतात. एक तर पृष्ठभागाची पकड कमी झाली, किंवा त्याला दाबणारा जोर कमी पडला. आणि गंमत अशी, की नव्या प्लेटने पहिल्या घरातलं एकच कारण जातं, ते म्हणजे झीज. बाकीची सगळी कारणं जागच्या जागी राहतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चामड्याची जागा नव्या अस्तरांनी घेतली. इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यात हर्बर्ट फ्रूड हे गृहस्थ १८९७ पासून घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी टिकाऊ ठोकळे तयार करण्याचे प्रयोग करत होते. त्यांच्या आडनावाच्या इंग्रजी अक्षरांची अदलाबदल करून, त्यात एका अक्षराची भर घालून ‘फेरोडो’ हे नाव तयार झालं. पुढे या अस्तरांत ॲस्बेस्टॉस आलं. ते उष्णता सहन करी, लवकर झिजत नसे. त्याच सुमारास शंकू मागे पडून सपाट, कोरड्या प्लेटचा क्लच पुढे आला. अमेरिकेतल्या बोर्ग अँड बेक कंपनीने तो लोकप्रिय केला आणि १९२०च्या दशकात त्याने बाजार काबीज केला.

इथे निदानाच्या दृष्टीने एक मोठा बदल घडला. क्लच बंद कवचात गेला. पूर्वी शोफर वाकून पाही, हात लावी, माती टाकी. आता नुसतं पाहायचं म्हटलं, तरी सहसा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. उतरवण्याची मजुरी एवढी, की ‘उघडलंच आहे तर नवी प्लेट टाकून द्या’ असं मालकच म्हणतो. अशा रीतीने तपासणीची जागा बदलाबदलीने घेतली.

या घाईची किंमत केवळ मालकाच्या खिशाने मोजली नाही. क्लच उघडला की आतली काळी भुकटी हवेच्या झोताने उडवायची, ही गॅरेजांमधली जुनी सवय. त्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असे. ब्रिटनमध्ये १९३० साली मेरवेदर आणि प्राइस यांच्या अहवालाने ॲस्बेस्टॉसच्या धुळीने फुप्फुसं निकामी होतात, हे दाखवून दिलं आणि १९३१ मध्ये नियम झाले. पण त्यांचा रोख कारखान्यांवर होता. गल्लीबोळातल्या गॅरेजात वाकून काम करणाऱ्या माणसापर्यंत ती सावधगिरी पोचायला अनेक दशकं गेली. युरोपीय संघाने २००५ पासून ॲस्बेस्टॉसवर जवळपास संपूर्ण बंदी आणली. चुकीच्या निदानामुळे विनाकारण उघडलेला प्रत्येक क्लच म्हणजे त्या माणसाच्या छातीत गेलेली आणखी थोडी धूळ होती.

मग निदान करायचं कसं? दुखणं कधी सुरू झालं, हे आधी विचारायचं. प्लेट बदलल्या दिवसापासूनच घसरत असेल, तर दोष बहुधा बसवण्यात असतो. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० सारख्या केबलवरच्या गाडीत पेडलला थोडी मोकळी हालचाल लागते. केबल ताणून बसवली, तर रिलीज बेअरिंग सतत दाबलेलं राहतं आणि प्रेशर प्लेट पुरा जोर लावू शकत नाही. काही फ्लायव्हीलना पायरी असते. लेथवर फक्त घासणारा भाग उतरवला आणि पायरीचं माप राखलं नाही, तरीही जोर कमी पडतो.

चार-सहाशे किलोमीटरनंतर घसरू लागला, तर तेलाचा संशय घ्यावा. क्रँकशाफ्टचं मागचं सील किंवा गिअरबॉक्सचं पुढचं सील गळत असतं. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो, त्यावरून चोर कोणता ते कळतं. गाडी तापल्यावरच घसरत असेल आणि क्लच हायड्रॉलिक असेल, तर मास्टर सिलिंडरमधलं बारीक छिद्र बुजलेलं असू शकतं. गरम होऊन फुगलेल्या द्रवाला परतीची वाट मिळत नाही आणि क्लच अर्धवट दाबलेला राहतो. घसरत असतानाच ब्लीडिंगचा निपल किंचित सैल करावा. दाब सुटून क्लच धरू लागला, तर गिअरबॉक्स उतरवायची गरजच नाही. आणि पेडलवर पाय टेकवून गाडी हाकणारा चालक तर कुठल्याही सुट्या भागाने दुरुस्त होत नाही.

म्हणून काढलेली जुनी प्लेट भंगारात जाऊ देऊ नये, मेकॅनिककडून मागून घ्यावी. ती तेलाने चकाकते आहे, एकाच बाजूने झिजली आहे, की अजून पुरेशी जाड आहे, हे त्याच्यासोबत उजेडात पाहावं. जाड असेल, तर दुखणं दुसरीकडे आहे, हे तीच सांगते. नवी प्लेट घालण्यापूर्वी विचारायचा प्रश्न एवढाच : जुनी का गेली?