हॅल्स्टेड रस्त्यावरची रात्रशाळा

माझी मावशी अडुसष्टाव्या वर्षी न्यू जर्सीतल्या सार्वजनिक वाचनालयात इंग्रजीच्या फुकट वर्गाला जाऊ लागली. अमेरिकी नागरिकत्वाच्या मुलाखतीची तयारी होती ती. एकदा मीही तिच्याबरोबर गेले. लांब टेबलाभोवती पेरूची एक बाई, दोन कोरियन आजोबा आणि मावशी. शिकवायला एक निवृत्त शिक्षिका. मावशीने वहीत प्रश्नांची उत्तरं देवनागरीत उतरवली होती. तिचा नातू तिला गाडीने आणून सोडी, पण आत कधी येत नसे. वर्ग संपेपर्यंत बाहेर गाडीतच बसे. हे वर्ग मुळात सुरू कोणी केले, हे तेव्हापासून मी धुंडाळते आहे.

शिकागोत हॅल्स्टेड रस्त्यावरच्या एका जुन्या हवेलीत जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार या मैत्रिणींनी सप्टेंबर १८८९ मध्ये ‘हल हाऊस’ उघडलं. भोवताली इटालियन, ग्रीक, बोहेमियन आणि रशियातून आलेले ज्यू. दिवसभर राबणारी ही माणसं संध्याकाळी तिथे इंग्रजी शिकत. तेव्हा तशी सक्ती नव्हती. ती आली २९ जून १९०६ च्या कायद्याने. इंग्रजी बोलता येत नसेल तर नागरिकत्व नाही! (वाचता-लिहिता येण्याची अट आणखी पुढची, १९५० ची.) त्यानंतर अशा वर्गांना परीक्षेच्या शिकवणीचं रूप येऊ लागलं.

कारखानदारही मग यात उतरले. हेन्री फोर्डने १९१४ मध्ये रोज पाच डॉलर मजुरी जाहीर केली आणि त्याच वर्षी कामगारांसाठी इंग्रजी शाळा काढली. हजेरी टाळणाऱ्याची नोकरी धोक्यात येई. भाषेबरोबर साबण, जेवणाच्या रीती आणि बचतही शिकवली जाई. तिथला पदवीदान समारंभ वाचून मी थक्क झाले. रंगमंचावर एक प्रचंड कढई. कामगार आपापल्या देशाच्या पोशाखात, हाती गाठोडी घेऊन तीत उतरत. शिक्षक मोठाल्या पळ्यांनी ढवळत. मग तीच माणसं अमेरिकी सूट घालून, झेंडे हलवत बाहेर येत. हे सगळं कौतुकाने चालत असे, थट्टेने नव्हे.

अ‍ॅडम्सबाईंना या ढवळण्याची किंमत आधीच दिसली होती. मुलं भराभर इंग्रजी शिकत आणि आईबापांची लाज बाळगू लागत. म्हणून १९०० मध्ये त्यांनी हल हाऊसमध्ये ‘श्रम-संग्रहालय’ काढलं, जिथे शेजारच्या बायका आपल्या गावाकडची सूतकताई करून दाखवत. त्यांनीच सांगितलेली एक हकीकत आहे. एक इटालियन मुलगी शनिवारी स्वयंपाकाच्या वर्गाला येई. त्याच वेळी तिची आई संग्रहालयात चातीवर सूत काते. पण आईबरोबर कोणी पाहू नये म्हणून मुलगी दुसऱ्या दाराने शिरे. एके दिवशी तिने पाहिलं, बाहेरून आलेले पाहुणे आईभोवती गोळा होऊन तिचा हात वाखाणत आहेत. पुढे ती आईच्या दाराने येऊ लागली. मला फोर्डच्या कढईपेक्षा ही दोन दारं महत्त्वाची वाटतात.

ही सारी युरोपातून आलेल्यांची कहाणी. आपली माणसं शोधू लागले तेव्हा कळलं, त्यांची अडचण इंग्रजीची नव्हतीच. भगतसिंग थिंद अमेरिकी लष्करात राहिलेला, तिथे शिकलेला. तरी १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की तो ‘गोरा’ नाही, म्हणून नागरिकत्व नाही. त्याची बाजू इंग्रजीतच मांडणारे वकील होते सखाराम गणेश पंडित, स्वतः १९१४ पासून नागरिक. या निकालाच्या आधारे सरकारने त्यांचंही नागरिकत्व रद्द करू पाहिलं. पंडित लढले, १९२६ मध्ये अपिलात जिंकले आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात हात घालायला नकार दिला. बाकीच्या भारतीयांना मात्र दार उघडलं ते २ जुलै १९४६ च्या कायद्याने. मावशीसारख्यांना आज इंग्रजीचा वर्ग उपयोगी पडतो तो त्यानंतर.

मावशीची मुलाखत गेल्या वर्षी झाली. फोनवर मी आधी नातवाचंच विचारलं.

“आला की,” ती म्हणाली. “गाडीत सगळे प्रश्न त्यानेच विचारले. आणि अगं, दोन उत्तरं त्यालाच येत नव्हती.”